तिफणवाल्यांची हजेरी

घरातून निघताना सुमननं विचारलं, "फिरायला चाललात का भांडायला?" मी म्हणालो, "फिरायला." तिनं ऐकून घेतलं आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी यांच्याबरोबर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नवी पट्टी डब्यात ठेवली.

मी लातूरला जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. त्याआधी बैल घ्यायचो आणि विकायचो. प्रवासाबद्दल लिहिणारे लोक हिमालयात जाऊन येतात. मी कंधार, नांदेड, माहूर आणि भोकर एवढं फिरून आलो. लातूरचा माणूस शिकायला पुण्याला जातो, दवाखान्याला हैदराबादला जातो, पण शेजारच्या जिल्ह्यात सोयरीक असल्याशिवाय जात नाही. म्हणून हे लिहितो.

आधी पक्षाबद्दल सांगावं लागेल, कारण आता चाळिशीच्या आत असलेल्या कुणी त्याचं नाव ऐकलेलं नसतं. रयत कष्टकरी पक्ष. लोक त्याला तिफणवाले म्हणायचे, कारण निशाणी तिफण. पेरणीचं अवजार, खाली तीन फण, वर बी सोडायला वाटीसारखं एक चाडं. घोषणा होती, "तीन फण, एक चाडं!" शेतकरी, मजूर आणि कारागीर हे तीन फण. चाडं म्हणजे पक्ष. बी म्हणजे काय, यावर मतभेद होते.

निजामाचं राज्य गेलं पण सक्तीच्या लेव्हीचं धान्य मोजून नेणारे तेच राहिले, तेव्हा कंधारच्या एका गोठ्यात हा पक्ष निघाला. दुष्काळात त्यानं मोर्चे काढले, खडी फोडणाऱ्या बायांना वेळेवर मजुरी मिळवून दिली, आणि एकदा एक आमदारही निवडून आणला. तो मुंबईला एसटीनं जायचा. पक्ष दोनदा फुटला. दुसऱ्यांदा फुटून निघालेल्यांना आपण फुटलो हे सांगायला माणूस सापडला नाही, म्हणून ते परत आले.

माझा बाप रंगनाथ मिसरूड फुटल्यापासून या पक्षात होता. मग त्याला काढला. कारण, चहा.

पक्षाचे लोक कारखान्याच्या साखरेला शिवत नसत. ऊस तोडणाऱ्याला कारखाना पुरती मजुरी देत नाही, तोवर घरात गुळाचाच चहा, असा नेम होता. एका निवडणुकीत कारखान्याचे चेअरमन जिंकले आणि त्यांची मिरवणूक आमच्या गावच्या चावडीपुढं थांबली. चेअरमननी स्वतःच्या हातानं बापापुढं कप धरला. बाप म्हणाला, "बिनसाखरेचा असंल तर घेतो." तसा करून आणला. बापानं घेतला.

यावर पक्षाची बैठक बसली. बिनसाखरेचा चहा ही तडजोड की निषेध, यावर चर्चा झाली. मी तेव्हा बाहेर बैल धरून उभा होतो, त्यामुळे चर्चा किती चालली ते बैलांना माहीत आहे. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि बापाला एका हाताच्या फरकानं काढलं. तो हात तुकाराम हेड्याचा. हेडी म्हणजे जनावरांच्या सौद्यातला दलाल. तुकाराम नाना आमच्याच गावचा, बापाचा जिवाभावाचा दोस्त, आणि मला बैलाचे दात बघायला शिकवणारा माणूस. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. बाप बोलत होता. बापानं चहा सोडला, पण दर निवडणुकीला भिंतींवर गेरूनं तिफण काढणं सोडलं नाही. पक्षानं त्यालाही हरकत घेतली. तो मेला तेव्हा तिरडीवर पक्षाचा झेंडा आला नाही.

एवढं मी बरीच वर्षं पोटात ठेवलं होतं. मग कंधारहून मकबूल चाचाचा फोन आला. चाचा शिंपी आणि जुना तिफणवाला. म्हणाला, "यंदाचा मेळावा भोकरला हाय. त्यात पक्ष मोठ्या पक्षात मिळवून टाकून राहिले. ही आखरी हजेरी हाय, बालाजी. बापाच्या नावाचं कायतरी कर."

मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

कंधार

अहमदपूर सोडल्यावर रस्ता चांगला आहे. लोह्याला एका टपरीवर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची, हळदीची फोडणी. लातुरात सुशीला कोरडा असतो, इथं ओलसर. मी टपरीवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मंग लातुरातच खायचा ना." मला हा माणूस आवडला.

कंधारला किल्ला आहे. खंदकात पाणी होतं, पाण्यावर हिरवट साय, आणि तटावर बकऱ्या. एक बकरी फार चांगली होती. तिच्या मालकाशी मी थोडं बोललो, पण त्याला विकायची नव्हती आणि मला घ्यायची नव्हती, तरी आम्ही बराच वेळ दिला. लातुरात दुकानदार आधी भाव सांगतो, मग बसा म्हणतो. कंधारात आधी बसा म्हणतात, मग पाणी, मग सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी, आणि भाव विचारेपर्यंत तुम्हाला लाज वाटायला लागते. धंद्याची ही रीत लिहून घेण्यासारखी आहे.

चाचाचं दुकान बसस्टँडच्या मागं. निवडणूक आली की तो सगळ्या पक्षांचे झेंडे मशीनवर शिवतो. तिफणवाल्यांचा मात्र हातानं.

"आवो, बैठो," चाचा म्हणाला. "जाडा झालास की रे."

"चाचा, नावाचं काय करायचं ते सांगा."

"आधी जेव."

घरातून खिचडी आणि खट्टा आला. खट्टा म्हणजे चिंच आणि तिळाचा पातळ, आंबट रस्सा. खिचडीवर ओतायचा. मी तीनदा घेतला आणि राग जरा खाली बसला. मग चाचानं हजेरी समजावून सांगितली. मी लहानपणी ती पाहिली होती, पण नियम माहीत नव्हते.

मेळाव्याची सुरुवात हजेरीनं होते. गाववार नावं पुकारतात, जिवंत आणि मेलेले एकाच ओळीत. जिवंत माणूस स्वतः म्हणतो, "हाजिर." मेलेल्याचं नाव आलं की त्याच्या गावचा दुसरा तिफणवाला उभा राहून म्हणतो, "हाजिर." पण रक्ताच्या नात्यानं बोलायचं नाही.

"पोरगा का न्हाई?" मी विचारलं.

"घराणेशाही होते," चाचा शांतपणे म्हणाला. "आज पोरगा बापाच्या नावानं हाजिर म्हणल, उद्या बापाच्या नावानं तिकीट मागंल."

"मेलेल्या माणसाच्या हजेरीत कसली घराणेशाही?"

"तिथूनच सुरू होते, मियां."

तीनदा पुकारायचं. तिन्ही वेळा कुणी बोललं नाही, तर ते नाव कायमचं गळलं. पुन्हा कधी घ्यायचं नाही. म्हणजे बापाचं नाव पुकारायला लावलं आणि उत्तर आलं नाही, तर तो आत्ता जितका बाहेर आहे त्यापेक्षा जास्त बाहेर जाणार.

"आन गैरहाजिर असला तर?"

"जित्या माणसाचं असंल तर गाववाला म्हणतो, गैरहाजिर. मग त्याचा खुलासा फुडच्या मेळाव्यात ऐकायचा. खुलासा आल्याबिगर मोठा ठराव घ्यायचा न्हाई. आपला आमदार एकदा लोह्याजवळ टायर फुटून अडकला हुता. सारं सरकार पाडायचा ठराव तयार हुता. राहिला. फुडच्या साली त्यानं उभं राहून सांगितलं, टायर फुटला. मंजूर झालं. तवर सरकार आपोआप पडलं हुतं."

चाचा हे हसण्यावारी सांगत नव्हता. मीही हसलो नाही.

आमच्या गावचा तिफणवाला आता एकच जिवंत होता. मी नाव विचारलं नाही. चाचानंही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "माहूरला लेकीकडं हाय. आधी नांदेडला वकिलाकडं जा. नाव पुकारणारा तो हाय."

नांदेड

देवराव वकील पक्षाचे अध्यक्ष. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर तिफणीचं चित्र आहे आणि त्याखाली आता मोठ्या पक्षाच्या नेत्याचं कॅलेंडर. दोन्ही एकाच खिळ्याला. मी ते बघतोय हे त्यांनी बघितलं.

"बालाजीराव, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण काढलेल्या माणसाचं नाव हजेरीत कसं घेणार?"

"चहासाठी काढलं होतं. तुमच्या टेबलावर आत्ता कसली साखर आहे?"

त्यांनी बशी जरा पलीकडं सरकवली. "काळ बदलतो."

"मग माझ्या बापापुरता का बदलला नाही?"

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेर बसलेला अशील आत डोकावून गेला. मी गोळी घेतली. मग धंद्याचं बोललो. वकिलांना काय हवंय ते मी आत शिरल्याबरोबर ओळखलं होतं. मोठ्या पक्षाचे पाहुणे भोकरला येणार, मंडप मोठा, आणि तिफणवाले राहिले मूठभर. रिकाम्या मंडपात पक्ष विलीन केला, तर मिळणाऱ्या पदाचा आकार लहान होतो. त्यांना माणसं हवी होती आणि माणसं आणायला ट्रॉल्या.

"भोकर, हदगाव, कंधार, तिन्हीकडं माझी गिऱ्हाइकं आहेत," मी म्हणालो. "ट्रॉल्या सांगतो. माणसं तुम्ही भरा."

वकील खिडकीबाहेर बघत राहिले. हे चांगलं लक्षण असतं. नाही म्हणणारा तुमच्याकडं बघतो.

"नाव पुकारतो," ते म्हणाले. "पण उत्तराची जबाबदारी माझी नाही. तीनदा पुकारणार, आणि नियमाप्रमाणे पुढं."

"तिसरं जरा सावकाश पुकारा."

"तेवढं करतो."

सौदा झाला, पण मला आनंद वाटेना. जी वस्तू बापाला फुकट मिळायला हवी होती ती मी ट्रॉल्या देऊन घेतली, आणि तीही निम्मीच. भूक लागली होती. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. शेजारी पंजाबातून आलेलं कुटुंब, पलीकडं परभणीचा कंडक्टर. गरम पोळ्या, दाट डाळ, वर खीर. कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, भाव करायला जागाच नाही. मी थोडा अस्वस्थ झालो. निघताना भांडी घासायला बसलो, तेव्हा बरं वाटलं.

माहूर

भोकरवरून हिमायतनगर, किनवट आणि मग माहूर. भोकर सोडल्यावर रान बदलतं. सोयाबीन-कपाशी मागं पडते, सागवान सुरू होतो, रस्त्याला वळणं येतात. रस्ता रुंद करून राहिले होते. पुढच्या टिप्परमधला खडा उडून माझ्या समोरच्या काचेला तडा गेला. मी टिप्पर गाठून थांबवला आणि ड्रायव्हरला बोलायचं तेवढं बोललो. तो तेलुगूत उत्तर देत होता, मी मराठीत. दोघांचंही मन नीट मोकळं झालं. शेवटी त्यानं मला बिडी दिली. मी ओढत नाही, पण घेतली, कारण काचेच्या बदल्यात दुसरं काहीच मिळणार नव्हतं.

माहूरला यायच्या आधी मी नांदेडला केळी, सफरचंदं घेतली होती. ज्याच्याशी इतकी वर्षं बोललो नाही त्याच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं. गाडीतून उतरलो आणि पिशवी माकडानं नेली. भिंतीवर बसून त्यानं सफरचंदं एकेक हातात घेऊन बघितली, दोन खाली फेकली. फेकली ती खरंच डागी होती. नांदेडच्या फळवाल्यानं मला फसवलं होतं आणि ते मला माकडानं दाखवलं.

रेणुकादेवीला तांबूल वाहतात. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप घालून खलबत्त्यात कुटतात, तोच प्रसाद. गडाच्या पायऱ्यांच्या खाली तांबुलाची दुकानं आहेत. त्यातल्या एकात तुकाराम नाना बसला होता. पक्षाच्या सभांत देव-धर्म झोडपणारा माणूस मांडीत खल घेऊन देवीचा विडा कुटत होता. हात थरथरत होते, पण बत्ता बरोबर पडत होता. लेक गिऱ्हाईक बघत होती.

त्यानं वर बघितलं. "बाळ्या?"

मला बाळ्या म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. मी म्हणालो, "देव मानायला लागलात वाटतं."

"देव न्हाई मानीत. पान मानतो," नाना म्हणाला. "बस. उभं राहून भांडू नको, मान दुखती वर बघून."

मी बसलो. त्यानं चिमूटभर तांबूल हातावर ठेवला. खाल्ला. तो चांगला होता, हे मी सांगितलं नाही.

"मेळाव्याचं कळलं?" मी विचारलं.

"हाव. इकून टाकायलेत पक्ष." त्यानं परत बत्ता उचलला. "तू ट्रॉल्या दिल्यास म्हणं वकिलाला."

बातमी माझ्या आधी माहूरला पोचली होती. "दिल्या. त्याच्या बदल्यात तो बापाचं नाव पुकारणार आहे. उत्तर तुम्ही द्यायचं. दुसरं कुणी राहिलं नाही."

नाना कुटत राहिला. मग म्हणाला, "मी हात वर केला हुता त्यो चुकून न्हाई केला."

"बिनसाखरेचा होता चहा!"

"हुता. मी कुठं न्हाई म्हणालो? पण दूध कुणाचं हुतं?"

दुधाचा मी कधी विचार केला नव्हता.

"दूध चेअरमनच्याच डेअरीचं हुतं," नाना म्हणाला. "साखर सोडली, दूध घेतलं. ह्यो मुद्दा बैठकीत कुणाच्या ध्यानात आला न्हाई. माझ्या आला. मी बोललो न्हाई, दोस्त हुता म्हणून. नुसता हात वर केला."

तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लेकीनं गिऱ्हाइकांना शेजारच्या दुकानात जायला सांगितलं. मी म्हणालो, बापानं त्यानंतर चहाला तोंड लावलं नाही, गेरूचं डबडं घेऊन तुमच्या तिफणी काढत फिरला, तुम्ही सभेला गाडीत बसून गेलात तेव्हा तो मागून चालत आला, आणि तिरडीवर टाकायला तुमच्याकडं हातभर फडकं नव्हतं.

नानानं सगळं ऐकलं. बत्ता खाली ठेवला.

"फडकं मी आनलं हुतं," तो म्हणाला. "तू दारातून हाकलून दिलास मला. आठवतंय का? आनलेलं मी कमरंला बांधून परत गेलो."

हाकललं होतं, हे खरं. का आलाय ते विचारलं नव्हतं. चूक मात्र त्याचीच आहे. आधी झेंडा दाखवायचा, मग तोंड.

पायऱ्यांवरून ढोल वाजवत एक नवस फेडणारं कुटुंब वर गेलं.

"हाजिर म्हणा," मी म्हणालो. "एकच शब्द आहे."

"खोटं कसं म्हणू? काढला तवा मी हुतो की."

"मग काय म्हणणार?"

नानानं खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्याकडं बघितलं. "हात दे."

बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांचे हात कापडाखाली घ्यायचे आणि बोटं दाबून बोलायचं, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. हे मला यानंच शिकवलं होतं. मी हात दिला. त्यानं पंचा टाकला. मी त्याचं बोट पूर्ण दाबलं. म्हणजे पूर्ण, हाजिर, त्याखाली नाही. त्यानं माझा हात झटकला. मी परत दाबलं. परत झटकला. मग त्यानं माझ्या बोटाचं वरचं एकच पेर धरलं आणि दाबून ठेवलं. पेर म्हणजे निम्मं.

म्हाताऱ्याच्या हातात जोर नव्हता. सोडत मात्र नव्हता.

"निम्मं म्हणजे काय?" मी विचारलं.

"सौदा झाला की इचारायचं न्हाई. एवढं तर शिकविलं हुतं तुला."

एकतर निम्मं, नाहीतर तीनदा पुकारून शांतता. मी दाबलेलं पेर सोडवून घेतलं नाही. आमच्यात त्याचा अर्थ, कबूल.

भोकर

नानाला गाडीत घालून भोकरला आणलं. वाटेत तो तडा गेलेल्या काचेतून बाहेर बघत होता. एकदाच बोलला. "काच बदल. गिऱ्हाईक आधी काच बघतं."

मंडप भरला होता. माझ्या ट्रॉल्यांनी काम चोख केलं होतं. निम्म्या लोकांना कशाला आलोय ते माहीत नव्हतं, पण जेवण आहे हे माहीत होतं. व्यासपीठावर मोठ्या पक्षाचे दोन पाहुणे, त्यांच्यापुढं बंद बाटलीतलं पाणी. खाली, एका बाजूला, खरे तिफणवाले. एकाच वर्गातली मुलं शाळा सुटल्यावरही बाकावर बसून राहावीत तसे. मकबूल चाचानं हातानं शिवलेला झेंडा काठीला लावून मांडीवर आडवा धरला होता.

चहा गुळाचा होता. पाहुण्यांनी एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला.

हजेरी सुरू झाली. देवराव वकील पुकारत होते. कुणी खोकत "हाजिर" म्हणे, कुणी काठी टेकत उठून दुसऱ्याच्या नावानं म्हणे. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या गावच्या सगळ्यांच्या नावानं म्हटलं, कारण त्यांच्या गावच्या त्या एकट्याच उरल्या होत्या. दर वेळी खाली बसून परत उठत होत्या. कुणीतरी म्हणालं, उभ्याच राहा. त्या म्हणाल्या, "प्रत्येकाचं येगळं हाय." पाहुणे घड्याळ बघायला लागले.

आमचं गाव आलं. तुकाराम नानानं स्वतःचं हाजिर म्हटलं. मग वकिलांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुकारलं, "रंगनाथ."

तिफणवाल्यांच्या बाजूला कुजबुज झाली. त्यांना सगळ्यांना चहा आठवत होता.

नाना बसून राहिला.

"रंगनाथ."

नाना खाली बघत होता. चाचानं माझं मनगट धरलं, कारण मी स्वतःच ओरडलो असतो आणि सगळं गेलं असतं.

वकील बाटलीतलं पाणी प्यायले. सौद्याप्रमाणे तिसरं त्यांनी सावकाश घेतलं. "रंगनाथ."

नाना काठीवर जोर देऊन उठला. बराच वेळ लागला त्याला. सगळा मंडप बघेल एवढा वेळ त्यानं लावला.

"गैरहाजिर," तो म्हणाला.

पहिल्यांदा मला वाटलं, याचा गळा धरावा. मग वकिलांचं तोंड दिसलं आणि मी थांबलो. वकिलाचं तोंड असं पडतं तेव्हा समोरच्याचा फायदा झालेला असतो.

"नाना, हे बसत नाही," वकील म्हणाले. "मेलेला माणूस गैरहाजिर कसा असेल?"

"मेलेला हाजिर असतोय की आपल्यात. तासभर तेच चाललंय. हाजिर असू शकतो तर गैरहाजिर का न्हाई?"

"पण ते पक्षात नव्हते!"

"पक्षात न्हाई तर तू तीनदा पुकारलास कशाला? पुकारलास म्हंजी हजेरीत हाय. हजेरीत हाय आन आला न्हाई. म्हंजी गैरहाजिर." नानानं तिफणवाल्यांकडं तोंड फिरवलं. "नेम काय हाय?"

उठत्या-बसत्या म्हाताऱ्या बाई उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "खुलासा फुडच्या मेळाव्यात. तवर मोठा ठराव न्हाई."

मग जे झालं ते तिफणवालेच करू शकतात. पाहुण्यांचं जेवण खोळंबलं, आचारी येऊन दोनदा विचारून गेला, आणि हे लोक विलीन व्हायचं सोडून, मेलेल्या माणसाला खुलाशाची संधी नाकारणं लोकशाहीत बसतं का, यावर बोलत राहिले. एक जण म्हणाला, चहाच्या वेळी आपण घाई केली, आता करू नये. दुसरा म्हणाला, घाई केली नव्हती, मुद्दा बरोबर होता. माझा बाप जिवंतपणी इतका वेळ कुणाच्या तोंडी नव्हता. त्याचं नाव घेऊन भांडत होते. कुणी रंगनाथ म्हणत होतं, कुणी रंगनाथदादा. दुधाचा मुद्दा मात्र नानानं काढला नाही.

शेवटी हात वर करून मतं घेतली. विलीनीकरणाचा ठराव पुढच्या मेळाव्यावर गेला. पाहुणे उठून नमस्कार करून निघाले. वकील मला म्हणाले, "या फजितीला तुमच्याच ट्रॉल्यांतली माणसं साक्षीला होती, बालाजीराव." मी म्हणालो, "ट्रॉल्या ठरल्याप्रमाणे दिल्या."

मी नानाजवळ गेलो. तो जमिनीवर बसून पाय चोळत होता.

"हे निम्मं होय?"

"मंग? तुला नाव पायजे हुतं, मला पक्ष. दोघांचं निम्मं-निम्मं झालं." त्यानं कमरेचं सोडून एक घडी केलेलं लाल कापड माझ्याकडं दिलं. पुष्कळ धुतल्यानं ते गुलाबी पडलं होतं. तिफण ओळखू येत होती. "ह्ये ठेव. आन खुलासा तयार कर."

"पोरानं बोलायचं नसतं ना?"

"हजेरीला न्हाई. खुलासा पोरानं आनला तर चालतो. त्याला नेम न्हाई." मग त्यानं बाजूचा कप पुढं केला. "च्या घे."

मी घेतला. गूळ कमी होता. तसं मी सांगितलं.

भोकरला जेवण चांगलं होतं, वरण, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी. नंतर नानाला माहूरला सोडलं, रस्त्यात काच बदलली, आणि काचवाल्याशी भाव करताना मन लागलं नाही, त्यामुळे तो जिंकला. घरी पोचलो तेव्हा सुमननं गोळ्यांची पट्टी मोजून बघितली.

"म्हणाले का हाजिर?"

"गैरहाजिर म्हणाले."

"आणि तुम्ही भांडला नाही?"

"नाही."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

भोकर आता कसं आहे, माहूरला जावं का, असं लातुरात लोक मला विचारतात. जावं. फळं नांदेडला घेऊ नयेत, आणि घेतली तर माकडाला आधी दाखवावीत. मी पुढच्या साली परत जाणार आहे. खुलासा तयार आहे, एकाच वाक्याचा. चहा बिनसाखरेचा होता. ते दुधाचं काढतील. त्या डेअरीला दूध आमच्याच म्हशीचं जात होतं, म्हणजे बापानं आपलंच दूध घेतलं, हे मला परवा आठवलं, पण ते मी आधी सांगणार नाही. शेवटपर्यंत ओढून धरणार आहे.